आठशे मीटरचं काडतूस

८ जानेवारी १९९४, शनिवार

एका शिपिंग कंपनीने नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. जाड पुठ्ठा, पानापानावर भरती-ओहोटीच्या वेळा. विश्वजीत म्हणाला, चार दिवस लिहिशील आणि मग भाजीच्या यादीला वापरशील. म्हणून मुद्दाम बसले आहे. नवऱ्याला खोटं पाडायचं म्हटलं की मला हुरूप येतो.

आज लिहिण्यासारखं घडलंही. दुपारी बू जासिमनी केबिनमध्ये बोलावलं. मालकांची हाक आली की बहुतेक कुठल्यातरी बोटीचं कोटेशन अडलेलं असतं. आमचा धंदाच इथे आखातात, मीना सलमान बंदराला लागणाऱ्या बोटींना सुटे भाग पुरवण्याचा. पण टेबलावर पंपांची आणि व्हॉल्व्हची कॅटलॉगं नव्हती. रायफलींची होती. फिनलंडची, जर्मनीची, अमेरिकेची.

बू जासिम माझ्याशी हिंदीतच बोलतात. लहानपणी वडिलांबरोबर मोती विकायला मुंबईला यायचे, तिथे उचललेली हिंदी. म्हणाले, आयुष्यातली शेवटची रायफल घ्यायची आहे. एकच रायफल, एकाच जातीचं काडतूस. शुक्रवारी क्लबाच्या रेंजवर कागदावर नेम धरायचा आणि सप्टेंबरात मध्य आशियातल्या डोंगरात रानबकऱ्यावर. दोन्हीला चाललं पाहिजे आणि आठशे मीटरपर्यंत पोचलं पाहिजे. परवान्याला आणि माल यायला महिने लागतात, म्हणून ईद झाली की ऑर्डर द्यायची. तोवर मी सगळं वाचून कुठलं काडतूस ते सांगायचं.

मी म्हटलं, साहेब, मी एनसीसीतली, पॉइंट टू-टूवाली. त्यावर हसले. सहा वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जात मी छंद म्हणून रायफल शूटिंग लिहिलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलंय. तेव्हा मी ते विणकाम लिहायला लाज वाटली म्हणून लिहिलं होतं. पण खोटं नव्हतं.

१२ जानेवारी, बुधवार

कॅटलॉगं घरी आणली आहेत. उम्म अल हस्समच्या आमच्या दोन खोल्यांत आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात आता पलंगावर काडतुसं. उत्पलाने एक उघडून पाहिलं, "आई, दिस इज सो वियर्ड" म्हणाली आणि अभ्यासाला गेली. लेकीला माझं मराठी कळतं, पण उत्तर तिच्या शाळेच्या भाषेत येतं.

प्रत्येक काडतुसाचा एक तक्ता असतो. गोळी दोनशे मीटरवर किती खाली येते, पाचशेवर किती, वाऱ्याने किती सरकते, तिथे पोचेपर्यंत तिच्यात किती जोर उरतो. टू-फोर-थ्री लहानखुरी, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. थ्री-नॉट-एट मध्यम, शहाण्या सुनेसारखी, कुठेच नाव ठेवायला जागा नाही. सेवन मिलिमीटर मॅग्नम सरळ जाते पण लाथ मारते. थ्री हंड्रेड मॅग्नम त्याहून लांब जाते आणि त्याहून मोठी लाथ मारते.

वाचता वाचता औरंगाबादचा कॅम्प आठवला. खाकी पँट मला दोन बोटं सैल, बक्कल आवळून आवळून पोटावर वळ. फ्लॅनेलचा तेलकट तुकडा नळीतून ओढला की येणारा तो वास मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. कॅम्पला जायच्या आधी दादांनी जालन्याला घरी महिनाभर सराव करून घेतला होता. दादा म्हणजे माझे वडील. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कंपनीत थ्री-नॉट-थ्रीचे पहिले नेमबाज. घरात रायफल कुठली असणार? गादीवर पालथं झोपून एअरगन धरायची, नळीच्या टोकाला चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. माझं नाणं पन्नासदा पडलं. दादांचं एकदाही पडलं नाही. आई म्हणायची, लेकीला चुलीपाशी पाठवा, हवालदार. दादा म्हणायचे, चूल कुठं पळून चालली आहे.

फौजेतून आल्यावर त्यांनी शिकार कधी केली नाही. गावातले लोक हरणाच्या मागे बोलवायला यायचे. दादा म्हणायचे, "कागदावर नेम धरावा. कागदाला माय नसती."

१४ जानेवारी, शुक्रवार

आज विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळत होती तेव्हा मी त्याच विद्यापीठाच्या परीक्षेला बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या हयातीत हे होणार नाही.

विश्वजीतची एअरपोर्टवर ड्यूटी होती, तरी मुहर्रकहून येताना मिठाई घेऊन आला. तीळगूळ मी आधीच केला होता. मग जालन्याला फोन लावला. भावाकडे गेल्या वर्षी फोन आला, तेव्हापासून दादांशी बोलणं होतं. आधी पत्रावरच भागायचं.

दादा खूप बोलले. मोर्चे, जेलभरो, कोण कोण आजचा दिवस पाहायला राहिलं नाही त्यांची नावं. आवाज मधेच अगदी कानाशी यायचा, मधेच लांब जायचा. आनंदाने खोलीभर फिरत बोलत असणार. फौजी माणूस, एका जागी उभा राहत नाही. शेवटी म्हणाले, मैत्रे, डिग्रीवर आता नवीन नाव टाकून घे. मी म्हटलं, दादा, त्याच्यासाठी परत परीक्षा द्यायला लावतील. खूप हसले.

२० जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती इथे लिहूनच टाकते.

मी पंचशील घेतलेली बाई. दर आठवड्याला वंदनेत पहिलंच शील म्हणते, जीवहत्या करणार नाही. आणि मी निवडलेल्या काडतुसाने सप्टेंबरात कुठल्यातरी डोंगरावर एक जीव जाणार. चाप मालक ओढतील, पण गोळी मी सांगितलेली असेल. विश्वजीतला विचारलं तर तो म्हणाला, तू चिकन करतेस तेव्हा कोंबडी काय स्वतःहून येते? त्याच्याशी धर्मावर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नाही म्हणून सांगता येईल. बू जासिम रागावणार नाहीत, दुसऱ्याला विचारतील. पण मला नाही म्हणायचं नाही, हे खरं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे टायपिंग सोडून दुसरं काही मागितलं. शिवाय ऑर्डरच्या आधी क्लबात दोन-तीन रायफली मारून बघायच्या आहेत, तेव्हा मलाही बरोबर नेणार म्हणाले. मला पुन्हा एकदा पालथं पडून डावा डोळा मिटायचा आहे.

म्हणून मी मधली वाट काढली. सगळ्यात लहान सुचवायची, टू-फोर-थ्री. लहान गोळी, लहान हिंसा. कागदावर ती छानच चालते. शनिवारी टाइप करून ठेवते.

२९ जानेवारी, शनिवार

टाइप केलेला कागद दिला. बू जासिमनी वाचला आणि बाजूला सारला. रागावले नाहीत. मला बसायला सांगितलं आणि गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी एका मोठ्या शिंगांच्या रानबकऱ्यावर लांबून गोळी झाडली. लागली, पण कुठेतरी मागे. बकरा कड्याच्या पलीकडे गेला. ते आणि वाटाड्या दोन दिवस रक्ताच्या मागे फिरले, मग बर्फ पडला आणि माग गेला. कापायलाही मिळाला नाही, हलालही झाला नाही. तीस वर्षं शिकार करतो आहे, असं पहिल्यांदा झालं, म्हणाले. म्हणून या खेपेला जोरदार काडतूस हवं, जिथे लागेल तिथे बसवणारं. तेव्हा अंतर किती होतं, मी विचारलं. अडीचशे, म्हणाले.

अडीचशे मीटर म्हणजे त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला काहीच नाही. जुनी रायफल बिघडली असणार.

बाहेर आले तर हारून उभा. आमचा स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचा, ऑफिसातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असतं. म्हणाला, "मैत्रीबाय, थ्री हंड्रेड मॅग्नम लिवा नि मोकल्या व्हा. म्हातारा खूश, आपून खूश, खलास." मी म्हटलं, आणि बकरा? तर म्हणाला, त्याला कोन इचारतंय.

हारूनच त्यांचा चहा नेतो. हल्ली कप अर्धाच भरून नेतो. मी म्हटलं, मालकाच्या चहातही कंजुषी? तर काही न बोलता निघून गेला. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादांनाच विचारायचं ठरवलं. फोनवर आधी टू-फोर-थ्रीचं सांगितलं. वाटलं होतं, लेकीने शील सांभाळलं म्हणून शाबासकी मिळेल.

"मैत्रे," दादा म्हणाले, "लहान गोळी म्हंजे दया नव्हं. जीव घ्यायचा तं एका दमात घ्यावा, नाहीतं घेऊच नये. मांडीत गोळी घेऊन फिरणारं जनावर म्या पाह्यलंय."

मला शरम वाटली. मग मालकांची गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, मॅग्नम सुचवू का?  दादांनी भलतंच विचारलं, तुझ्या साहेबाचा हात कसा आहे?

मी म्हटलं, हात चांगला आहे. वयाने थोडा हलतो, एवढंच. कागद धरला की फडफडतो.

"मंग काडतूस मागून पाह्य. आधी हात पाह्य. हात हालत आसंल तं तोफ दे नाहीतं छर्रा दे, सारखंच. कागदाला काय, कुठंबी भोक पडलं तरी कागद रडत नाही."

मी वैतागले. मी काडतूस विचारते आहे आणि हे हाताचं धरून बसले. सोळाशे मैलांवरून मिनिटाचे पैसे पडतात. म्हातारपणी माणूस विषय सोडून बोलायला लागतो, तसं झालंय दादांचं.

मग सुमनवहिनीने फोन घेतला. वहिनी म्हणाली, हल्ली रविवारी तुमचे भाऊच मामंजींची दाढी करून देतात. मी म्हटलं, हवालदारांचे लाड चाललेत की. आयुष्यभर पहाटे थंड पाण्याने स्वतः दाढी करणारा माणूस, आता लेकाकडून करून घेतोय. घ्या म्हणावं, हक्कच आहे. वहिनी हसली नाही. तिच्या स्वभावात विनोद कमीच.

१६ फेब्रुवारी, बुधवार

रमजान सुरू आहे. ऑफिस दोनला सुटतं. आम्ही न पाळणारे पँट्रीचं दार लावून डबा खातो, भाजीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून फक्त दहीभात. हारून रोज इफ्तारला बोलावतो, एकदा जायला हवं.

माझा निर्णय झाला. थ्री-नॉट-एट. धक्का माफक, त्यामुळे चाप ओढताना माणूस दचकत नाही. जगभर सगळीकडे मिळते. कागदासाठी टोकदार गोळी घ्यायची, जनावरासाठी मऊ टोकाची, आत जाऊन उमलणारी, म्हणजे जीव लगेच जातो. आठशे मीटरवर कागदाला भोक पाडेल. डोंगरात मात्र अडीचशेच्या पुढे चाप ओढायचा नाही, हे स्पष्ट लिहिलं. मॅग्नमबद्दल लिहिलं की लाथेच्या भीतीने माणूस आधीच डोळे मिटतो आणि मग तिचा सगळा जोर वाया.

दादांचं हाताचं काही लिहिलं नाही. मालकाला कसं लिहिणार?

बू जासिमनी कागद दोनदा वाचला. ईदनंतर क्लबात मारून बघू, म्हणाले. मनातून नाखूश दिसले. लांबचं हवं होतं त्यांना. ज्याला चालवत नाही तो घोडा मागतो, असं मी विश्वजीतला म्हटलं. गुडघे दुखत असतील म्हणून लांबून मारायची हौस असेल, असं आमचं ठरलं.

१८ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

सकाळी सहाला बू जासिमची गाडी दारात. विश्वजीतही आला, बायको काय दिवे लावते ते बघायला. क्लबाची रेंज पार दक्षिणेला, तेलाच्या पाइपलाइनींच्याही पुढे. सपाट पिवळी जमीन, मातीचा बांध, वारा जवळजवळ नाही. क्लबाने दोन रायफली काढून ठेवल्या होत्या, एक थ्री-नॉट-एट आणि एक मॅग्नम. कागद दोनशे मीटरवर.

पहिले बू जासिम. टेबलाशी बसून, नळीखाली वाळूची पिशवी ठेवून. पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत. ते खूश झाले, मी त्यांच्याहून खूश. मग त्यांनी पिशवी काढायला लावली. डोंगरात पिशवी कोण देणार, म्हणाले. सतरंजीवर पालथे पडले, पट्टा दंडाला आवळला. त्यांचं पडणं बघूनच कळत होतं की माणसाचं आयुष्य यात गेलंय.

पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर कागदावर तीनच भोकं, एक वर डाव्या कोपऱ्यात, दोन खाली. मॅग्नम मागितली. तिच्या पाचांतली एकच कागदाला लागली. मी त्यांच्या मागेच उभी होते. डोळे त्यांनी मिटले नव्हते, दचकलेही नव्हते. चापाच्या आधी, श्वास धरलेला असताना, डावा हात नळीसकट हलत होता. थोडासाच. पण दोनशे मीटरवर थोडंसं म्हणजे हातभर.

ते उठून बसले आणि म्हणाले, काडतूस बरोबर नाही. थ्री-नॉट-एट माझ्या हातात दिली. तुम मारो.

मी पडले. दुपट्टा कमरेला बांधला, कोपरं रोवली. गाल दस्त्याला लावला आणि तो तेलाचा वास आला. सतरा वर्षं कुठे गेली कळलं नाही. श्वास अर्धा सोडला. धक्का बसला तो मला गोडच वाटला. पाच गोळ्या. उठले तेव्हा विश्वजीतचं तोंड उघडं होतं, जे क्वचित होतं. पाचही भोकं तळहाताखाली झाकतील अशी.

मला नाचावंसं वाटलं. मग बू जासिमकडे पाहिलं आणि सगळा आनंद विरघळला. तीच रायफल, तेच काडतूस. आता काडतुसाला नाव ठेवायची सोय राहिली नव्हती आणि ती मी काढून घेतली होती.

त्यांनी शांतपणे विचारलं, अब बोलो, कौनसा?

मॅग्नम म्हटलं असतं तर सप्टेंबरात ते डोंगरात गेले असते. थ्री-नॉट-एट म्हटलं असतं तरी गेले असते. परत एक बकरा कड्यापलीकडे गेला असता आणि त्या वेळी गोळी माझी असती. मी म्हटलं, कागज के लिए यही. पहाड के लिए कोई नहीं, साहब.

विश्वजीतने माझा दंड धरला. सहा वर्षांची नोकरी, व्हिसा, उत्पलाची शाळा, सगळं त्याच्या बोटांत होतं. पण मी सुरू केलं होतं. सांगून टाकलं की माझे वडील फौजेत नेमबाज होते, त्यांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, काडतूस नंतर बघ, आधी हात बघ.

बू जासिमनी बांधाकडे पाहिलं. आपला डावा हात उजव्या हातात धरून बसले. मग म्हणाले, "डॉक्टर नहीं बोला. बेटा नहीं बोला. हारून आधा कप लाता है, वो भी नहीं बोला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हारा बाप बोला. ये बात वही बोलेगा, बाई, जिसका अपना हाथ काँपता है."

मी लगेच म्हणाले, नाही साहेब, आमच्या दादांचा हात तर

आणि वहिनीने सांगितलेली रविवारची दाढी आठवली.

परत येताना गाडीत दादांचा फोनवर जवळ-लांब होणारा आवाज आठवला; ते खोलीभर फिरत नव्हते, फोनच हातात हलत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. पाइपलाइनी संपेचनात.

१९ मार्च, शनिवार

बू जासिमनी थ्री-नॉट-एटची ऑर्डर टाइप करायला सांगितली. फक्त टोकदार गोळी. मऊ टोकाची त्यांनी माझ्या कागदावरून स्वतःच खोडली होती. शुक्रवारी पिशवीवर टेकवून कागद मारणार म्हणे. जालन्याला जायला रजेचा अर्ज मी भीत भीतच पुढे केला, अजून वर्षाची रजा व्हायला चार महिने आहेत. वाचलासुद्धा नाही, सही केली. "यल्ला, जाओ," म्हणाले. "मैं पहाड को तीस साल देखा. तुम बाप को देखो."

संध्याकाळी जालन्याला फोन लावला. दादांनी पहिलं हेच विचारलं, ग्रुप केवढा आला? मी म्हटलं, तळहाताएवढा. मग एकेक गोळीचं विचारलं. पहिली कुठे लागली, दुसरीला श्वास कुठे धरला, वारा होता का, सूर्य कोणत्या अंगाला होता. मी सगळं सांगितलं. मधे मधे ते नुसतंच "हां" म्हणायचे, आवाज लांब जायचा, परत जवळ यायचा. मी थांबून थांबून बोलत होते, सगळं ऐकू जावं म्हणून.

हाताचं विचारलं नाही. 

म्हटलं, दादा, रजा मिळाली आहे. पुढच्या आठवड्यात येते.

"काहून? काही झालं का?"

"काही नाही. सहज."

"सहज म्हून एवढं भाडं खर्चू नये. मी ठणठणीत हाये."

  मिनिटं पळत होती, विश्वजीत घड्याळाकडे बघत नव्हता.

मग दादा म्हणाले, "ये, बाई. लवकर ये."